काउंटरजवळचा खण

पुण्यात तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची जी लहान लहान दुकाने आहेत, त्यांपैकी एका दुकानात मी गेली वीस-बावीस वर्षे जात आलो आहे. दुकान जेमतेम सात-आठ फूट रुंद असून मागची भिंत छतापर्यंत प्लास्टिकच्या खणांनी भरलेली आहे. खणांवर कधीकाळी चिकटवलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या आता वाचता येत नाहीत, परंतु मालकांचे त्यावाचून काही अडत नाही. जी वस्तू दिवसातून दहा वेळा मागितली जाते, तिचा खण त्यांच्या उजव्या हाताशी असतो आणि ती काढताना ते गिऱ्हाइकाशी चाललेले बोलणेही थांबवत नाहीत. जी आठवड्यातून एकदा मागितली जाते, तिच्यासाठी त्यांना उठावे लागते. आणि जी वर्षातून एखाद्या वेळी मागितली जाते, तिच्यासाठी शिडी लावावी लागते. इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी मंडळींमध्ये कोणता मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम भरून एखादे उपकरण चालवणारी, एका चिपमध्ये मावणारी छोटी संगणकयंत्रणा) अधिक लोकप्रिय, हा वाद निघाला की मला तो उजव्या हाताचा खण आठवतो. त्यातला माल माझ्यादेखत तीनदा बदलला, आणि तो का बदलला असावा, याविषयी माझे जे मत बनले आहे ते येथे मांडतो.

लोकप्रियता मोजण्याची इतर साधने मला फारशी विश्वासार्ह वाटत नाहीत. कारखान्यातून किती चिप बाहेर पडल्या, हा आकडा हौशी माणसाच्या संदर्भात निरुपयोगी आहे, कारण त्यातील बहुतेक चिप धुलाई यंत्रे, वीजमीटर आणि रिमोट यांमध्ये जातात आणि त्या वापरणाऱ्याला आपल्या घरात मायक्रोकंट्रोलर आहे याचा पत्ताही नसतो. इंटरनेटवर कशाबद्दल किती प्रश्न विचारले गेले, हे मोजावे तर नवशिक्यांच्या आवडीचा बोर्ड नेहमीच पुढे दिसणार, कारण प्रश्न नवशिकेच अधिक विचारतात. जुना जाणकार डेटाशीट, म्हणजे चिपची माहितीपुस्तिका, उघडतो आणि गप्प बसतो. त्याहून मोठी अडचण अशी, की आपण ज्यांची तुलना करतो त्या एका जातीच्या वस्तूच नसतात. ८०५१ ही मुळात एक रचना आहे, एटीमेगा३२८पी ही एक चिप आहे, ऊनो हा ती चिप बसवलेला एक तयार बोर्ड आहे, आणि आर्डुइनो हे बोर्ड, सॉफ्टवेअर, लिहिण्याची पद्धत आणि माणसांचा गोतावळा या सगळ्यांचे मिळून एक नाव आहे. ‘आर्डुइनो चांगला की ईएसपी३२’ असे विचारणाऱ्याच्या संगणकावर बहुधा आर्डुइनोचेच सॉफ्टवेअर असते आणि त्यातूनच तो ईएसपी३२ या वाय-फायवाल्या चिपमध्ये प्रोग्राम भरत असतो.

मी अभियांत्रिकीला होतो तेव्हा, म्हणजे २००४ च्या सुमारास, त्या खणात ८९५१ असे. चिपचे खरे नाव एटी८९सी५१, पण ते कोणी उच्चारत नसे. काउंटरवर उभे राहिले की मालक विचारत, “५१ देऊ का ५२?” मूळ ८०५१ ही रचना इंटेलने १९८० मध्ये आणली, तिच्यात ४ किलोबाइट रॉम आणि १२८ बाइट रॅम होती. पुढे अनेक कंपन्यांनी तिच्या आवृत्त्या काढल्या आणि ॲटमेलने तिला फ्लॅश मेमरी दिल्यावर ती विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडू लागली. तिच्या लोकप्रियतेचे मोठे कारण मात्र अभ्यासक्रम हे होते. तंत्रनिकेतनाच्या पदविकेला ८०५१, अभियांत्रिकीला ८०५१, प्रयोगशाळेतील किटवर ८०५१, आणि प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकालाही ८०५१ चेच प्रश्न विचारण्याची सवय. दिल्लीहून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकातील परिपथांमध्येही ती वारंवार भेटत असे. ही लोकप्रियता खरी होती, पण तिच्यात निवडीचा भाग थोडा होता.

त्या काळी खरी अडचण चिपची नव्हती. तिच्यात प्रोग्राम भरण्याची होती. एटी८९सी५१ मध्ये प्रोग्राम भरायचा तर तिला १२ व्होल्ट पुरवणारा वेगळा प्रोग्रामर लागे आणि झिफ सॉकेट (चिप जोर न लावता बसवता-काढता येणारी खोबण) असलेले ते यंत्र विद्यार्थ्याने विकत घेण्याच्या पलीकडचे होते. म्हणून आम्ही हेक्स फाइल, म्हणजे चिपला कळेल अशा रूपातला प्रोग्राम, फ्लॉपीत घेऊन याच दुकानात यायचो आणि दहा रुपये देऊन ती ‘बर्न’ करून घ्यायचो. परत वसतिगृहावर जाऊन चिप बसवावी आणि एलसीडीवर एक अक्षर उलटे उमटावे, की पुन्हा दहा रुपये आणि पुन्हा बसचे तिकीट. त्यामुळे प्रोग्राम कागदावर तीनतीनदा तपासण्याची जी शिस्त आमच्या पिढीला लागली, तिचे श्रेय प्राध्यापकांइतकेच पीएमटीच्या भाड्यालाही द्यावे लागेल. चिप काढता-घालताना तिचे पाय वाकत आणि चौथ्या-पाचव्या वेळेस एखादा तुटे. पुढे एटी८९एस५२ आली, जिच्यात चिप परिपथातून न काढता प्रोग्राम भरता येई, आणि त्यानंतर फिलिप्सची पी८९व्ही५१आरडी२ आली, जी सिरीयल पोर्टवरून थेट प्रोग्राम घेई. या दुसऱ्या चिपची किंमत जास्त असूनही ती विद्यार्थ्यांमध्ये एकदम उचलली गेली. तिची ६४ किलोबाइट मेमरी आमच्यापैकी कोणालाच लागत नव्हती. आम्हाला दुकानाची फेरी वाचवायची होती.

त्या पिढीचा माणूस ओळखायचा असेल तर त्याला ११.०५९२ म्हणजे काय, ते विचारावे. ८०५१ बरोबर लावायच्या क्रिस्टलचा, म्हणजे चिपला घड्याळाचे ठोके पुरवणाऱ्या स्फटिकाचा, तो आकडा मेगाहर्ट्झमध्ये आहे. त्याला १२ ने भागले की ९,२१,६०० येतात, त्यांना ३२ ने आणि मग ३ ने भागले की नेमके ९,६०० उरतात, आणि संगणकाशी सिरीयल संवाद साधण्याचा तोच रूढ वेग होता. गोल आकड्याचा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर हा भागाकार साडेआठ टक्क्यांनी चुकतो आणि पडद्यावर कचरा उमटतो. हे गणित ज्याने एकदा स्वतः मांडले, त्याला टायमर आणि सिरीयल पोर्ट यांचे नाते पुन्हा शिकवावे लागले नाही. आजच्या बोर्डांवर हे कोणाला करावे लागत नाही, याची मला खंत वाटत नाही. पण ते करावे लागत होते, हे सांगितल्याशिवाय पुढच्या बदलाचे मोल कळत नाही.

मायक्रोकंट्रोलरच्या पिक मालिकेविषयी थोडक्यात सांगतो, कारण आमच्याकडे ती उजव्या हाताच्या खणापर्यंत कधी पोहोचलीच नाही. मायक्रोचिपची अठरा पायांची पिक१६एफ८४ ही एकेकाळी युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळींची पहिली आवड होती. १,०२४ शब्दांची प्रोग्राम मेमरी, ६८ बाइट रॅम आणि पाठ करता येतील अशा ३५ सूचना, एवढाच तिचा संसार. संगणकाच्या सिरीयल पोर्टमधूनच वीज ओढून घेणारा मोजक्या भागांचा प्रोग्रामर तिच्यासाठी घरी करता येत असे. लॅपटॉपच्या सिरीयल पोर्टवरचा व्होल्टेज कमी भरू लागला आणि नंतर तो पोर्टच नाहीसा झाला, तसे हे प्रोग्रामर एकामागून एक निकामी झाले. कंपनीने यूएसबीवर चालणारा चांगला प्रोग्रामर काढला होता, परंतु तोपर्यंत बरेच लोक दुसऱ्या वाटेला लागले होते.

ती दुसरी वाट एव्हीआर या मायक्रोकंट्रोलर मालिकेची होती. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी तिची रचना केली आणि ॲटमेलने १९९० च्या दशकात ती बाजारात आणली. ८०५१ ला एका यंत्रचक्रासाठी घड्याळाचे बारा ठोके लागत, तर एव्हीआर बहुतेक सूचना एका ठोक्यात पार पाडी. पण हौशी माणसाला तिच्याकडे खेचले ते वेगाने नव्हे. तिच्यासाठी जीसीसी हा पूर्ण क्षमतेचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत आणणारे सॉफ्टवेअर) फुकट उपलब्ध होता, तर ८०५१ साठी आम्ही वापरत असलेली केल या कंपायलरची चाचणी आवृत्ती २ किलोबाइटला हात वर करी. शिवाय छपाई यंत्राच्या पॅरलल पोर्टला चार रोध जोडले की एव्हीआरचा प्रोग्रामर तयार होई. पॅरलल पोर्टही गेल्यावर थॉमस फिशल यांचा यूएसबीएएसपी हा यूएसबीवरचा प्रोग्रामर आला. तो स्वतःच एटीमेगा८ या एव्हीआर चिपवर चालत असल्यामुळे, तो बनवायला आधी दुसऱ्या कोणाचा तरी प्रोग्रामर उसना आणावा लागे. आमच्या वर्गातील पहिला यूएसबीएएसपी ज्याने बनवला, त्याच्या खोलीवर त्या सत्रात जेवढी वर्दळ होती तेवढी नंतर त्याच्या लग्नातही दिसली नाही.

आर्डुइनोची सुरुवात इटलीतील इव्हरेआ या गावात, इंटरॅक्शन डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत २००५ मध्ये झाली. मासिमो बान्झी, डेव्हिड क्वार्तिएयेस, टॉम आयगो, जानलुका मार्तिनो आणि डेव्हिड मेलिस ही पाच नावे त्यामागे घेतली जातात. परंतु त्याच संस्थेतील एर्नान्दो बारागान या विद्यार्थ्याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी २००३ मध्ये ‘वायरिंग’ ही प्रणाली तयार केली होती, आणि आर्डुइनोची पायाभरणी तिच्यावर झाली, हे सांगणे न्याय्य ठरेल. आज लाखो लोक चिपच्या पिना हाताळण्यासाठी पिनमोड आणि डिजिटलराइट हे जे शब्द टंकतात, ते वायरिंगमधून आले आहेत. ज्यांच्यासाठी हे सारे बनवले गेले, ते विद्यार्थी अभियंते नव्हते. ते वस्तू आणि प्रदर्शने घडवणारे कलाकार होते. त्यांना रजिस्टर (चिपचे काम ठरवणारे तिच्या आतले कप्पे) शिकायचे नव्हते, दिवा लावायचा होता. २००७ च्या बोर्डाचे नाव ‘दिएचिमिला’, म्हणजे इटालियन भाषेत दहा हजार, असे ठेवण्यात आले, कारण तोवर दहा हजारांहून अधिक बोर्ड तयार झाले होते. आज तो आकडा ऐकून हसू येते, पण हौशी इलेक्ट्रॉनिक्सच्या तेव्हाच्या जगात तो साजरा करण्याइतका मोठा होता.

आमच्यासारख्या लोकांनी आर्डुइनोला प्रारंभी हिणवले, हे मी कबूल करतो. चिप जुनी एव्हीआरच, तिच्याभोवती निळा बोर्ड, आणि किंमत सुट्या चिपच्या दहापट. त्यात डिजिटलराइटने एक पिन वर-खाली करायला काही मायक्रोसेकंद लागत, तर तेच काम रजिस्टरला थेट हात घालून १२५ नॅनोसेकंदांत होई. मी ऑसिलोस्कोप लावून ते मोजले होते आणि मित्रांना दाखवलेही होते. बोर्डावरच्या सात आणि आठ क्रमांकांच्या पिनांमधील अंतर नेहमीच्या जाळीत न बसणारे निघाले आणि आधीच्या शील्डशी (बोर्डावर बसवायच्या जोडबोर्डांशी) सुसंगती राहावी म्हणून ती चूक पुढच्या प्रत्येक बोर्डात जपली गेली, याचाही आम्ही भरपूर चेष्टेसाठी उपयोग केला.

माझे मत बदलले ते आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमुळे. तळटाकीत पाणी असेल आणि वरची टाकी रिकामी असेल तरच मोटार चालू व्हावी, एवढेच काम होते. मी ते एटीमेगा८ वर, हाताने कोरलेल्या पीसीबीसह, तीन रविवारांत केले आणि त्याचा मला अभिमान होता. त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत वाणिज्य शाखेत शिकणारा माझा भाचा आला. त्याने माझा प्रोग्राम पाहून विचारले, “मामा, हे डीडीआरबी म्हणजे काय?” मी त्याला अर्धा तास रजिस्टर समजावले, त्याने ते नम्रपणे ऐकून घेतले. मग बाजारातून एक ऊनो आणून, कोणीतरी लिहून ठेवलेली अल्ट्रासॉनिक सेन्सरची लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) जोडून, त्याने तेच काम दुपारच्या जेवणापासून संध्याकाळच्या चहापर्यंत करून दाखवले. त्याला सोल्डरिंग येत नव्हते. माझा परिपथ त्याच्यापेक्षा टिकाऊ होता, हे मी आजही सांगेन. पण त्याच्या वर्गातील चौघांनी पुढच्या महिन्यात ऊनो घेतला, आणि माझ्या परिपथाची नक्कल आजवर एकाही माणसाने मागितलेली नाही.

त्या दुपारी मला जाणवले ते असे, की इच्छा झाल्यापासून पहिला एलईडी लुकलुकेपर्यंत वाटेत जेवढे थांबे कमी, तेवढी माणसे त्या वाटेने जातात. आर्डुइनोने चिप बदलली नाही, थांबे काढून टाकले. प्रोग्रामर नको, कारण बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम, चिपमध्ये आधीच बसलेला. रीसेटचे बटण दाबायला नको, कारण संगणकच एका कपॅसिटरमधून चिपला रीसेट करतो. वेगळा वीजपुरवठा नको, कारण यूएसबीची तारच पुरेशी. कंपायलर शोधायला नको, कारण तो आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरबरोबरच येतो. यातील प्रत्येक गोष्ट आधीपासून कुठे ना कुठे होती. त्या सगळ्या एकाच निळ्या बोर्डावर एकत्र येणे नवीन होते. त्यात भर पडली ती उघड्या आराखड्यांची. बोर्डाची रेखाचित्रे सर्वांना खुली असल्यामुळे, नाव राखीव असूनही, चिनी कारखान्यांनी त्याच्या हव्या तेवढ्या प्रतिकृती काढल्या आणि सीएच३४० ही स्वस्त यूएसबी चिप लावून त्या आमच्या दुकानात मूळ किमतीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाला मिळू लागल्या. २०१५ मध्ये आर्डुइनोचे संस्थापक आपसांत भांडले, दोन कंपन्या एकाच नावावर हक्क सांगू लागल्या आणि अमेरिकेबाहेर ‘जेन्युइनो’ असे वेगळे नाव काढावे लागले. जगभर त्याची चर्चा झाली, पण तापकीर गल्लीत त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही, कारण तेथे दोघांपैकी कोणाचाच माल विकला जात नव्हता.

हा खण आर्डुइनोकडे कायम राहील असे वाटत असतानाच २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप ईएसपी-०१ नावाच्या आठ पिनांच्या मॉड्यूलवर बसून बाजारात उतरली. तोपर्यंत आर्डुइनोला वाय-फाय जोडायचे तर मूळ बोर्डाहून कितीतरी महाग शील्ड घ्यावे लागे. हे मॉड्यूल मात्र दोन-तीनशे रुपयांत मिळत होते. कागदपत्रे चिनी भाषेत होती आणि हौशी लोकांनीच ती मिळून इंग्रजीत आणली. प्रारंभी सर्वांनी त्याच्याकडे आर्डुइनोच्या हाताखालचा हरकाम्या म्हणून पाहिले. मीही ऊनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवरून त्याला वीज दिली आणि ते दर मिनिटाला का बंद पडते, याचा तीन रात्री शोध घेतला. ऊनोची ती पिन ५० मिलिअँपिअर देण्यासाठी आहे आणि वाय-फाय संदेश पाठवताना हे मॉड्यूल क्षणभर ३०० च्याही वर मागते, हे दोन्ही कागदपत्रांत लिहिलेले होते. ते शेजारी शेजारी ठेवून वाचणे माझ्याकडून राहून गेले होते.

मग लोकांच्या लक्षात आले, की मालक ऊनो १६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याचा हरकाम्या ८० वर. हरकाम्याच्या मेमरीपुढे तर मालकाचे २ किलोबाइट अगदीच किरकोळ होते. २०१५ मध्ये इव्हान ग्रोखोत्कोव्ह यांनी ईएसपी८२६६ आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधून थेट प्रोग्राम करता येईल अशी सोय केली आणि तेथून चित्र पालटले. माझ्या मते ईएसपीच्या यशात वाय-फाय आणि किंमत यांच्याइतकाच या एका कामाचा वाटा आहे. ज्याने ऊनोवर दिवा लावला होता त्याला काहीही नवे न शिकता तोच दिवा मोबाइलवरून लावता येऊ लागला, आणि दहा वर्षांत हजारो लोकांनी लिहिलेल्या लायब्ररी थोड्याफार फरकाने नव्या घरात चालू लागल्या. नव्या घरी जाताना जुन्या घरातील भांडीकुंडी बरोबर नेता आली, म्हणजे माणूस घर बदलायला फारसे आढेवेढे घेत नाही. २०१६ मध्ये आलेल्या ईएसपी३२ ने दोन गाभे (कोअर), २४० मेगाहर्ट्झचा वेग, ५२० किलोबाइट रॅम आणि ब्लूटूथ दिले, आणि आमच्या दुकानातील ऊनो एक ओळ वर सरकला.

ईएसपी३२ निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याचा एडीसी (व्होल्टेज मोजून आकड्यात आणणारा भाग) सरळ रेषेत मोजत नाही, आणि त्यातील दुसरा एडीसी वाय-फाय चालू असताना वापरता येत नाही. ३४ ते ३९ क्रमांकांच्या पिना केवळ वाचू शकतात. १२ क्रमांकाच्या पिनेवर सुरू होतानाच व्होल्टेज असेल तर बोर्ड बहुधा उठतच नाही, आणि नवशिक्याला वाटते की तो जळाला. शिवाय बॅटरीवर वर्षभर चालणारे उपकरण करायचे, तर त्याच्या बोर्डावरील यूएसबी चिप आणि रेग्युलेटर गाढ झोपेतही वीज खात राहतात. अशा कामाला मी अजून आठ पायांची एटीटाइनी८५ घेतो. ती झोपली की तिचा विद्युतप्रवाह मायक्रोअँपिअरच्याही खाली जातो.

एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरचे स्थान या सगळ्यांत विलक्षण आहे. व्यवसायाने हे काम करणाऱ्या माझ्या बहुतेक मित्रांच्या मते तोच खरा मायक्रोकंट्रोलर. निळ्या रंगामुळे ‘ब्लू पिल’ म्हटला जाणारा त्याचा लहानसा बोर्ड ७२ मेगाहर्ट्झचा वेग आणि २० किलोबाइट रॅम घेऊन ऊनोच्या प्रतिकृतीपेक्षाही स्वस्तात मिळत असे, तरीही तो हौशी मंडळींत मोजक्यांच्याच हाती राहिला. पुष्कळ बोर्डांवर यूएसबीसाठी दीड किलोओहमऐवजी दहा किलोओहमचा रोध बसवलेला असे आणि तो बदलल्याशिवाय काही संगणक बोर्डाला ओळखतच नसत. पुढे तर चिपवर नाव एक आणि आतला माल दुसराच, असेही बोर्ड येऊ लागले. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी मागवलेल्या पाचपैकी तीन तसे निघाले. त्याच्या सेटिंग्जच्या जंगलात पहिला दिवा लागेपर्यंत एक संध्याकाळ सहज जाते. आणि तरीही त्याची मोजणी चुकते असे मला वाटते. ड्रोन उडवणाऱ्याच्या फ्लाइट कंट्रोलरवर बहुधा एसटीएम३२ असतो, थ्रीडी प्रिंटरचे बोर्डही एटीमेगा२५६० सोडून मोठ्या प्रमाणावर त्याच्याकडे वळले. ही सगळी हौशी माणसेच आहेत. ती त्याच्यासाठी एक ओळही लिहीत नाहीत, म्हणून कोणत्याही गणतीत येत नाहीत.

२१ जानेवारी २०२१ रोजी रास्पबेरी पाय या ब्रिटिश कंपनीने ४ डॉलरचा पिको हा बोर्ड आणला तेव्हा जगभर चिपची टंचाई होती, एसटीएम३२ चे भाव आकाशाला भिडले होते आणि पिको मात्र मिळत होता. ब्रिटनमध्ये एका मासिकाच्या अंकाबरोबर तो चक्क फुकट वाटण्यात आला. त्यातील आरपी२०४० ही चिप कंपनीने स्वतः घडवलेली असून तिच्यात २६४ किलोबाइट रॅम आणि दोन गाभे आहेत. बटण दाबून तार जोडावी, संगणकावर पेनड्राइव्हसारखा दिसणारा फोल्डर उघडावा आणि त्यात फाइल टाकावी, की झाला प्रोग्राम भरून. थांबे कमी करण्याच्या कलेत हे आर्डुइनोच्याही पुढचे पाऊल आहे. शाळेत पायथन शिकलेल्या मुलाला तर मायक्रोपायथनमुळे नवी भाषाही शिकावी लागत नाही. आणि जाणकारांसाठी त्यात पीआयओ नावाची लहान लहान स्वतंत्र यंत्रे आहेत, जी मुख्य गाभ्याला न अडवता पिनांवर नेमक्या वेळेचे संकेत उमटवतात. कागदपत्रे इतकी नीट लिहिलेली, की मी ती गरज नसतानाही वाचली. एवढे असून आमच्या दुकानात पिको दुसऱ्या ओळीतच आहे. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण साधे आहे: पहिल्या पिकोला वाय-फाय नव्हते, आणि जून २०२२ मध्ये वाय-फायचा पिको आला तोवर ‘मोबाइलवरून दिवा’ हा नवशिक्याचा पहिला प्रकल्प होऊन बसला होता आणि त्याचे हजारो तयार नमुने ईएसपीच्या नावावर जमा होते. उशिरा आलेल्याला केवळ चांगले असून भागत नाही. आधीच्याने लोकांकडून करून घेतलेल्या कामाची बरोबरी करावी लागते, आणि ते काम विकत मिळत नाही.

मूळ आर्डुइनोनेही हातपाय हलवले आहेत. २०२३ च्या ऊनो आर४ मध्ये त्यांनी एटीमेगा सोडून रेनेसासची ४८ मेगाहर्ट्झची एआरएम चिप घेतली, आणि त्याच्या वाय-फाय आवृत्तीत वाय-फायसाठी जी दुसरी चिप बसवली ती ईएसपी३२-एस३ आहे. ज्याला एकेकाळी हरकाम्या म्हणून ठेवले, त्याला आता घरातच खोली द्यावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेत असल्याचे जाहीर केले. त्यावर परदेशी मंडळींनी काळजी व्यक्त केली. मला फारशी वाटली नाही. पिनमोड लिहिण्याची पद्धत आता कोणा एकाच्या मालकीची राहिलेली नाही, आणि बोर्डाचा आराखडा तर केव्हाच गल्लीबोळांत पोहोचला आहे.

गेल्या महिन्यात जुन्या टाकीच्या परिपथातील एटीमेगा८ अखेर निकामी झाली म्हणून मी दुकानात गेलो. मालकांनी शिडी लावली. ते वर शोधत असताना तंत्रनिकेतनाचा एक मुलगा आला आणि त्याने एटी८९एस५२ मागितली. त्याचे सबमिशन शुक्रवारी होते. तो खण शिडीवर गेलेला नव्हता, उभे राहून हात पुरेल अशा दुसऱ्या ओळीत, पिकोच्या शेजारी होता, कारण अभ्यासक्रम अजून त्याला वर जाऊ देत नाही. मालक खाली उतरले, त्याची चिप काढून दिली आणि मला म्हणाले, “साहेब, मेगा८ एकच उरली आहे, पुन्हा येईल की नाही सांगता येत नाही. टाकीचंच काम असेल तर हे का नाही लावत?” असे म्हणून त्यांनी न बघता उजवा हात मागे नेला आणि विचारले, “३० पिन देऊ का ३८?”

मी मेगा८ ही घेतली आणि ३० पिनांचा बोर्डही घेतला.